उणे अडीचची मंडळी

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एके काळी गप्पांना क्रिकेट पुरायचं. मग साखर आली आणि सकाळी सातच्या सुमारास नमस्काराच्या जागी "उपाशीपोटी किती?" असं विचारलं जाऊ लागलं. आता साखरेचंही अप्रूप राहिलेलं नाही. ती मोजायचं यंत्र घरोघरी टीव्हीच्या रिमोटशेजारी पडलेलं असतं. अलीकडे बायकांच्या बाकावर जो आकडा चर्चेला असतो, तो उणे असतो. "माझा उणे दोन पॉइंट तीन." "माझा दोन पॉइंट आठ, आणि डाव्या खुब्याचं तर विचारूच नका." शाळेत गणिताच्या तासाला उणे चिन्ह दिसलं की ज्यांच्या पोटात गोळा यायचा, त्याच बायका आता दशांशासकट उणे आकडे घडाघडा म्हणतात. दुखण्यांतही ज्येष्ठता असते. उणे अडीचच्या पलीकडे गेलेल्या बाईला बाकावर मधली जागा मिळते.

हा आकडा येतो डेक्सा नावाच्या यंत्रातून. दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण हाडातून पार करायचे, किती अडले ते मोजायचं आणि हाडाच्या दर चौरस सेंटिमीटरला खनिज किती ग्रॅम, ते काढायचं. किरणांची मात्रा छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही कमी. सुई नाही, बोगदा नाही, दहा-पंधरा मिनिटांत मोकळं. त्यामुळे ही तपासणी लोकांना मनापासून आवडते. एमआरआय करून आलेला माणूस दोन दिवस गप्प असतो. डेक्सा करून आलेली बाई रिक्षातूनच फोन लावते.

आगाऊपणा यंत्र पुढे करतं. मोजलेला आकडा ते एका तरुणीच्या हाडांशी ताडून पाहतं. जन्मभर जावेशी आणि नणंदेशी तुलना सोसलेल्या बायकांनाही अडुसष्टाव्या वर्षी पंचविशीतल्या मुलीशी तुलना नवीच. त्यातून बहुतेक यंत्रांत खुब्यासाठी जी तरुणी भरलेली असते ती वीस ते एकोणतीस वयाची, गोरी, अमेरिकेतली. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतून सरासरी काढून उभी केलेली. तिच्यापेक्षा दादरच्या काकू किती प्रमाण विचलनं खाली, तो त्यांचा टी स्कोअर. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी रेषा आखली: उणे एकपर्यंत ठीक, उणे एक ते उणे अडीच म्हणजे ऑस्टिओपेनिया, हाडं विरळ; उणे अडीच आणि त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१० मध्ये भारतीय तरुण-तरुणींची हाडं मोजून देशी प्रमाणही तयार केलं. ते लावलं तर बऱ्याच काकू बाकाच्या मधल्या जागेवरून कडेला सरकतील. ते कट्ट्यावर लोकप्रिय का नाही, हे वेगळं सांगायला नको.

एकदा उणे अडीच निघालं की औषध सुरू होतं. जुनी आणि स्वस्त गोळी म्हणजे अलेंड्रोनेट. ती १९९५ पासून वापरात आहे, आणि आता बहुतेक जण आठवड्यातून एकदा घेतात. तिचं सोवळं कडक आहे. उठल्याउठल्या रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि तोंडात काही घालायचं नाही. एवढं करूनही औषधाचा एक टक्कासुद्धा रक्तात पोचत नाही, आणि वर चहा घेतला की तेवढंही नाही. दुष्परिणामांच्या छापील यादीत छातीत जळजळ वगैरे बारीक अक्षरांत दिलेलं असतं. मराठी घरासाठी 'अर्धा तास चहा नाही' ही ओळ त्यात सर्वात वर, ठळक टायपात हवी होती. गोळीचा वार बहुधा रविवार ठरतो. सगळं घर झोपलेलं असतं आणि काकू सोफ्यावर ताठ बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असतात.

असे आठ-दहा रविवार झाले की घरात एक कुजबूज सुरू होते. फरक पडतोय का बघायला नको?

कुजबूज रास्त आहे. ब्लडप्रेशरची गोळी पंधरवड्यात आपला गुण दाखवते, साखरेचं तीन महिन्यांत कळतं. मग हाडांनीच काय घोडं मारलंय? न्यू जर्सीत राहणारा मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणतो, "आई, बेसलाइन आहे ना, आता फॉलोअप डेटा हवा," आणि तिथून ऑनलाइन पॅकेज बुक करून मोकळा होतो. थायरॉइड, जीवनसत्त्व ड, बीएमडी म्हणजे हाडांची घनता, सोबत लिपिड प्रोफाइल फुकट. तो ज्या देशात राहतो तिथली मेडिकेअर योजना मात्र ह्याच तपासणीचे पैसे साधारणपणे दोन वर्षांतून एकदाच देते. सरकारी कंजूषपणाला कधी कधी वैद्यकीय आधार असतो, हे लेकाच्या लक्षात यायला अजून पाच-सात वर्षं आहेत.

हाडांना ही घाई समजत नाही. हाड बाहेरून खांबासारखं स्वस्थ दिसलं तरी आत जन्मभर पाडापाडी आणि बांधाबांध चालू असते. मुंबईकराला समजावायचं तर रिडेव्हलपमेंट. पेशींची एक टोळी जुनं हाड खरवडते, तिचं काम तीन-चार आठवड्यांत आटोपतं. मग दुसरी टोळी त्या खड्ड्यात नवं हाड घालते, तिला चार-सहा महिने लागतात. आणि त्या नव्या हाडात खनिज पुरतं मुरायला आणखी कितीतरी. पाडणारे नेहमीच बांधणाऱ्यांपेक्षा चपळ असतात, ह्याचा अनुभव ट्रान्झिट कॅम्पात राहिलेल्यांना आहे. पाळी गेल्यानंतर पाडणाऱ्या टोळ्यांचा जोर वाढतो. अलेंड्रोनेटच्या गटातली औषधं त्यांना आवरतात, तोवर अर्धवट खड्डे भरून निघतात आणि आकडा थोडा वर सरकतो. थोडा म्हणजे मणक्यात पहिल्या वर्षी तीन-चार टक्के, खुब्यात त्याहूनही कमी.

आता हे तीन-चार टक्के मोजायचे कोणी आणि कसे, इथे गंमत आहे.

डेक्साच्या खोलीत सकाळी सर्वात आधी तपासला जातो तो एक नकली मणका, प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात बसवलेला. यंत्र जागेवर आहे ना, हे त्याच्यावरून कळतं. तो हलत नाही, श्वास घेत नाही, रिपोर्ट किती वाजता मिळेल असंही विचारत नाही. त्यामुळे त्याचा आकडा रोज जवळपास तोच येतो. मग काकू येतात. त्यांना उताणं झोपवून पोटऱ्यांखाली मोठा चौकोनी ठोकळा देतात, म्हणजे कमरेची कमान सपाट होते. खुब्यासाठी पाऊल आतल्या बाजूला वळवून पट्ट्याने बांधतात. पाऊल थोडं जास्त वळलं, कंबर थोडी तिरकी राहिली, तरी आकडा बदलतो. किती बदलतो, हे शोधायची रीत मोठी लोभस आहे. प्रत्येक टेक्निशियनने तीस माणसांची दोनदा किंवा पंधरा माणसांची तीनदा तपासणी करायची, आणि दर वेळी माणसाला टेबलावरून पूर्ण खाली उतरवून पुन्हा चढवायचं. गुडघे धरलेल्या बाईला "आता उतरा हं काकू... आता परत चढा" असं म्हणणाऱ्या मुलीच्या संयमावर हे शास्त्र उभं आहे. त्यातून जी चूक निघते तिला २.७७ ने गुणायचं. येतो तो आकडा म्हणजे लीस्ट सिग्निफिकंट चेंज. ह्याच्या आत जी काही वाढघट झाली ती झालीच, असं छातीठोक सांगता येत नाही.

ह्या विषयातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, इंटरनॅशनल सोसायटी फॉर क्लिनिकल डेन्सिटोमेट्रीने, टेक्निशियनची चूक जास्तीत जास्त किती चालेल ते ठरवून दिलंय. गुणाकार केला तर कमरेच्या मणक्यांसाठी ५.३ टक्के आणि खुब्यासाठी ५ टक्के येतात. म्हणजे वर्षभर रविवारचा चहा अर्धा तास लांबवून हाडांनी जे कमावलं, ते यंत्राच्या आणि पट्ट्याच्या हेलकाव्यात बेपत्ता होऊ शकतं. हात बसलेली टेक्निशियन असेल तर हेलकावा तीन टक्क्यांवर येतो आणि काहीतरी दिसू लागतं. दोन तपासण्यांत एक-दोन वर्षं जाऊ द्या असं म्हणतात ते ह्यासाठी. चार महिन्यांनी पुन्हा टेबलावर चढलेल्या बाईला तिच्या हाडांविषयी फारसं कळत नाही. टेक्निशियनची त्या दिवशी झोप झाली होती की नाही, हे कदाचित कळत असेल.

पण रिपोर्टात हेलकाव्याचा रकाना सहसा नसतो. रिपोर्टात रंग असतात: हिरवा, पिवळा, लाल. समजा पहिल्या खेपेला मणक्याचा आकडा ०.७८० आला आणि वर्षाने ०.७६१. घट अडीच टक्क्यांचीसुद्धा नाही, हेलकाव्याच्या अगदी आत. पण टी स्कोअर उणे २.४ वरून उणे २.६ वर गेला आणि पिवळ्यातून लाल पट्ट्यात शिरला. आता घरात काका असतात. काका बँकेतून निवृत्त झालेले. बायकोच्या रिपोर्टांची फाइल त्यांच्याकडे, टॅग लावलेली, वर्षवार. ते ग्राफ पेपर काढतात, दोन बिंदू मांडतात आणि पट्टी ठेवून रेषा ओढतात. दोन बिंदूंतून एक आणि एकच सरळ रेषा जाते, हे भूमितीत शिकलेलं अजून पक्कं आहे. मग तीच रेषा पुढे वाढवत नेली की काकूंची हाडं कोणत्या साली संपूर्ण नाहीशी होणार, तेही निघतं. काकू स्वयंपाकघरातून विचारतात, "म्हणजे अजून किती वर्षं आहेत?" काका पेन्सिलीने मोजून सांगतात.

ह्यानंतर घरोघरी जे घडतं त्याची नोंद मोठ्या चाचण्यांत अप्रत्यक्षपणे होऊन गेली आहे. अलेंड्रोनेटची जी गाजलेली चाचणी १९९०च्या दशकात अमेरिकेत झाली, तिच्यातल्या आकड्यांची स्टीव्हन कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा छाननी केली आणि २००० साली ती प्रसिद्ध केली. औषध घेत असूनही पहिल्या वर्षी ज्यांच्या खुब्याचा आकडा चार टक्क्यांहून जास्त घसरला, अशा बायका त्यांनी वेगळ्या काढल्या. दुसऱ्या वर्षी, तेच औषध तसंच चालू असताना, त्यातल्या ८३ टक्के बायकांचा आकडा वाढला. गटाची सरासरी वाढ ४.७ टक्के. उलट पहिल्या वर्षी ज्यांनी आठ टक्क्यांच्या वर उडी मारली होती, त्यांचा आकडा दुसऱ्या वर्षी सरासरी एका टक्क्याने उतरला. फार खाली गेलेला आकडा पुढच्या खेपेला वर येतो, फार वर गेलेला खाली. फ्रान्सिस गॉल्टनला १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंच्यांत हेच दिसलं होतं. पहिल्या रिपोर्टातलं बरंचसं यश आणि बरंचसं अपयश असं मोजमापाचं असतं.

आता हे मराठी घरात लावून बघावं. पहिल्या वर्षी आकडा घसरतो. कुटुंबसभा बसते. गोळी कुचकामी ठरते, डॉक्टर तर त्याहून. ठाण्याची वन्सं सांगते की तिच्या विहीणबाईंना डिंकाचे लाडू आणि नाचणीच्या आंबिलाने गुण आला. नाचणी बिचारी निर्दोष आहे. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम बाळगून आहे आणि कुणी खाल्ली तर उत्तमच. लाडू सुरू होतात. गोळी चालू राहते ती केवळ पट्टी संपवायची म्हणून, आणलेली वाया जाऊ नये हा आपला बाणा. वर्षाने आकडा वर येतो, तो तसाही येणारच होता. श्रेय लाडवांना जातं. पुढली दहा वर्षं प्रत्येक लग्नकार्यात, पंगतीच्या प्रत्येक टोकाला, ही कथा सांगितली जाते. कमिंग्ज ह्यांचा निबंध त्या पंगतीपर्यंत पोचलेला नाही.

आकडा फिरवायला हाडांचीच गरज असते असंही नाही. नऊवार-पाचवार कुठलीही साडी घ्या, तिच्यात सेफ्टी पिना किती आहेत ते नेसणारीलाही ठाऊक नसतं. निऱ्यांतली पिन नेमकी कमरेच्या मणक्यांसमोर येते आणि यंत्राच्या लेखी लोखंड हेही खनिजच. लांब मंगळसूत्र पोटावर रुळत असेल तर तेही मोजणीत येतं. कमरेला खोचलेल्या चाव्यांच्या जुडग्याने आजवर किती सासवांचा टी स्कोअर सुधारला, ह्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. टेक्निशियन सगळं काढायला सांगते, आणि "हे नाही हं निघत" ह्या वाक्यावर थोडी वाटाघाट होते. शिवाय काही हुशार मंडळी सकाळी निघताना कॅल्शियमची मोठी गोळी घेतात. आज हाडांची परीक्षा, निदान आज तरी पोटात काही असावं. ती गोळी न विरघळता मणक्याच्या चित्रात पांढरी ठिपकी होऊन बसू शकते. म्हणूनच आदल्या दिवसापासून ती बंद ठेवायला सांगतात.

आणि वय. वयाबरोबर मणक्यांना काटे फुटतात, जवळच्या मोठ्या रोहिणीच्या भिंतीत चुना साठतो, तो सगळा यंत्र इमानेइतबारे हाडाच्या खात्यात जमा करतं. पिचून चपटा झालेला मणका तर अधिकच घट्ट दिसतो, कारण तेवढंच खनिज कमी जागेत दाबलेलं असतं. पंचाहत्तरीत मणक्याचा आकडा सुधारला म्हणून पेढे वाटणाऱ्या आजींचा एक मणका बसलेला असण्याची शक्यता डॉक्टरला आधी तपासावी लागते. पेढा तोंडात असताना हे सांगणं अवघड.

मग यंत्र बदलण्याची हौस. पहिली तपासणी दादरला केली, दुसरी मुलुंडला, कारण तिथे ज्येष्ठ नागरिकांना वीस टक्के सूट होती आणि गाडी लावायला जागा होती. होलॉजिक आणि जीई ल्यूनर ह्या दोन बनावटींच्या यंत्रांवर एकाच बाईचा एकाच दिवशी मणका मोजला तर ल्यूनरचा आकडा दहा-पंधरा टक्क्यांनी जास्त येतो. दोघांनी कडा शोधण्याची आणि हिशेब करण्याची आपापली पद्धत ठेवली आहे, चूक कुणाचीच नाही. पण औषधाने तीन वर्षांत होणार नाही एवढी प्रगती मध्य रेल्वेच्या स्लो लोकलने अर्ध्या-पाऊण तासात होते. एकाच बनावटीची दोन यंत्रंसुद्धा एकमेकांशी जुळवून घेतल्याखेरीज तुलनेला चालत नाहीत. तपासणी पुन्हा करायची तर त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर, जमलं तर त्याच मुलीकडून. ती मुलगी तोवर लग्न होऊन नाशिकला गेलेली असते, ते वेगळं.

ह्या सगळ्यावर कडी करतं ते सोसायटीच्या हॉलमधलं मोफत शिबिर. ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं: 'हाडांची तपासणी, रविवार, ९ ते १, चहापानाची सोय.' छोटं यंत्र, त्यात पाऊल घालायचं, टाचेला थंडगार जेल लावतात, दोन मिनिटांत चिठ्ठी. हे टाचेचं अल्ट्रासाउंड आहे, डेक्सा नव्हे. जोखमीचा ढोबळ अंदाज त्याने येतो. पण उणे अडीचची रेषा त्याला लावता येत नाही, आणि औषधाचा गुण येतोय का हे त्याच्यावरून ठरवायचं नाही, असं तज्ज्ञांच्या संस्था स्पष्ट सांगतात. तरी रांग लागते. दर वर्षी, वेगळ्या कंपनीचं वेगळं यंत्र. "मागच्या वर्षी पिवळा होता, ह्या वर्षी लाल!" असं म्हणत मंडळी पुढल्या टेबलाकडे सरकतात. पुढल्या टेबलावर प्रथिनांच्या पावडरीचे डबे असतात.

डेक्सा पुन्हा कधी करावी, हे तज्ज्ञांना विचारावं तर त्यांच्यातही एकमत आहे असं नाही. कॅटी बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवून दिलं की अलेंड्रोनेट घेणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांचा, ९७.५ टक्क्यांचा, खुब्याचा आकडा तीन वर्षांत दखल घेण्याजोगा वाढतो; मग पहिली तीन वर्षं मोजता कशाला? अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्ये सांगितलं, दोन वर्षांतून एकदाहून जास्त सर्रास करू नका. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये त्याच्याही पुढे जाऊन बायकांना उपचाराची पाच वर्षं मोजणीच नको म्हटलं, अर्थात पुरावा कच्चा आहे हे कबूल करून. अंतःस्रावतज्ज्ञ म्हणतात एक ते तीन वर्षांनी बघा. आणि २०२४ मध्ये आणखी एका गटाने खुब्याचा टी स्कोअर उणे अडीचच्या वर, काही जणींचा उणे दोनच्या वर नेण्याचं ध्येयच ठेवा असं सुचवलं. ध्येय ठेवलं की ते गाठलं का हे बघणं आलं, आणि बघायचं तर टेबलावर चढणं आलं. पाच तज्ज्ञ, सहा वेळापत्रकं.

आकड्याचं आणि मोडण्याचं नातंही वाटतं तितकं सरळ नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच अलेंड्रोनेट चाचणीत, आधीच एखादा मणका पिचलेल्या बायकांपैकी नुसती पोकळ गोळी घेणाऱ्या १५ टक्के जणींचे तीन वर्षांत नवे मणके पिचले, औषध घेणाऱ्या ८ टक्के जणींचे. म्हणजे धोका जवळजवळ निम्मा. आकडा मात्र चार-सहा टक्केच हललेला. पाडापाडी थांबल्याचा फायदा यंत्राला दिसतो त्याहून मोठा असतो. आकडा आहे तिथेच राहिला तरी डॉक्टर खूश का होतात, हे काकांना समजत नाही ते ह्यामुळे. बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला शिल्लक न वाढणं हे यश वाटणं कठीण.

तरी पुन्हा तपासणीला अर्थ असतो, आणि तो असतो तेव्हा चांगलाच असतो. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी रोज स्टिरॉइड घेणाऱ्याची हाडं इतक्या वेगाने झिजतात की तिथे सहा महिने-वर्षभरात बघणं रास्त. हेलकाव्याच्या पलीकडे, सहा-आठ टक्क्यांची खरी घसरण दिसली, तर थायरॉइड, पॅराथायरॉइड, आतड्यांत औषध न मुरणं, ड जीवनसत्त्वाचा खडखडाट असं काही लपलेलं सापडू शकतं. सर्वात जास्त वेळा सापडतं ते मात्र साधंच. डॉक्टर विचारतात, "गोळी घेता ना?" काकू म्हणतात, "घेते की." गोळ्यांची पट्टी फ्रिजच्या दारात, लोण्याच्या कप्प्यात, मार्चपासून तशीच असते. जगभरात साधारण निम्मे लोक वर्षाच्या आत ही गोळी सोडतात. त्यासाठी दोन वर्षं थांबून डेक्साकडून चाडी ऐकायची गरज नाही. सकाळी उपाशीपोटी सीटीएक्स नावाची रक्ततपासणी केली तर पाडणाऱ्या टोळ्या आवरल्यात की नाहीत, ते तीन महिन्यांत कळतं. लोण्याचा कप्पा उघडून बघणं त्याहून स्वस्त.

वेळेचा खरा कडक नियम भलतीकडेच आहे. डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा कातडीखाली देतात. २०१० पासून ते वापरात आहे, आकडाही झकास वाढवतं. पण ते मुरून राहत नाही. पुढचं इंजेक्शन लांबलं की दबून बसलेल्या टोळ्या एकदम कामाला लागतात आणि मिळवलेलं भराभर जातं. काहींचे एकापाठोपाठ दोन-तीन मणके बसतात. सात महिन्यांच्या पुढे जाऊ देऊ नका असं २०२० च्या लॉकडाउनमध्ये हाडतज्ज्ञांच्या संघटनांना खास पत्रक काढून सांगावं लागलं. प्रत्यक्षात घरांत चालतं ते उफराटं. तपासणीची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलेली असते आणि इंजेक्शनचं ठरतं, "गणपती होऊ देत, मग बघू." गणपती झाले की पितृपक्ष असतो.

अलेंड्रोनेटचा स्वभाव ह्याच्या उलट. ते हाडात वर्षानुवर्षं बसून राहतं. म्हणून पाच वर्षांनी, आणि वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं झोलेड्रोनिक आम्ल असेल तर तीन वर्षांनी, काही जणांना औषधाची सुट्टी देता येते. कुणाला द्यायची हे ठरवायला तेव्हाची तपासणी फार कामाची. खुब्याचा आकडा अजून उणे अडीचच्या खाली असेल किंवा मणका आधी पिचलेला असेल, तर सुट्टी सहसा मिळत नाही. मिळाली तर काकू कट्ट्यावर "मी बरी झाले" असं जाहीर करतात. डॉक्टरांनी 'दोन वर्षांनी दाखवा' म्हटलेलं असतं, ते कट्ट्यावर पोचेपर्यंत गळून पडतं.

मधल्या काळात हाड मोडतं ते पडल्याने. न्हाणीघरातली ओली फरशी, दाराशी सरकणारं पायपुसणं, रात्री न लावलेला दिवा. डेक्सा केंद्र बऱ्याचदा पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्ट 'दुरुस्तीचे काम चालू'. तिथवर नेणारी रिक्षा मुंबई-पुण्याच्या पावसाळी रस्त्यांवरून जाते आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यात मणक्यांची वेगळी, विनामूल्य चाचणी होते.

एका तपासणीला मात्र ना जिना लागतो, ना पॅकेज. भिंतीला पाठ लावून उंची मोजायची. तरुणपणाच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त घट झाली असेल, तर पाठीच्या मणक्यांचा फोटो काढून बघावा असं सांगतात, कारण पिचलेले मणके पुष्कळदा दुखतही नाहीत. आणि हे बायकांपुरतं नाही. पुरुषांचे खुबेही मोडतात, आणि खुबा मोडल्यानंतर पुरुष दगावण्याचं प्रमाण बायकांपेक्षा जास्त आहे. पण पुरुषांना तपासणी सुचवली की ते "मला काय धाड भरलीय?" म्हणतात. बायकोची फाइल वर्षवार लावणाऱ्या काकांची स्वतःची फाइलच नसते.

अशाच एका काकांना काकूंच्या डॉक्टरांनी सहज भिंतीशी उभं केलं. काका बहात्तर वर्षांचे, तरुणपणची उंची १७२ सेंटिमीटर. पट्टी १६६ वर टेकली. बूट काढून झाले, टाचा भिंतीला लावून झाल्या, मान ताठ करून झाली, १६६च. डॉक्टर पाठीच्या एक्स-रेची आणि डेक्साची चिठ्ठी लिहू लागले. काकूंनी, पाच वर्षांत पहिल्यांदाच, पर्समधून पेन्सिल काढली आणि दोन बिंदूंतून रेषा कुठवर जाईल असं मोठ्या गोडीने विचारलं. काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते परत भिंतीपाशी गेले, पट्टीचा खिळा हलवून बघितला आणि डॉक्टरांना म्हणाले, "चिठ्ठी मग लिहा. आधी सांगा, तुमच्या ह्या भिंतीचा लीस्ट सिग्निफिकंट चेंज किती?"